आजी गिरणीत होती, मग ‘आपल्या घरातल्या बायका कामाला जात नव्हत्या’ हे आलं कुठून?

आधी प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आजी गेल्यावर तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत १९५८ सालचा गिरणीचा पास सापडला, वाइंडिंग खात्याचा, म्हणजे सूत बॉबिनवर गुंडाळायच्या खात्याचा. आत्या म्हणते, “होती काही वर्षं कामाला.” वडील म्हणतात, “आपल्या घरातल्या बायका कधी कामाला गेल्या नाहीत,” आणि विषय निघाला की चिडतात. तुम्हाला आजीवर लिहायचंय आणि तुम्ही विचारलंय की ती काळाच्या पुढची, बंडखोर बाई होती का, आणि घरच्यांनी हे लपवलं का. शिवाय दोन फोटोंचा उल्लेख आहे: आधीच्यात आजी नऊवारीत, नंतरच्यात गोल पातळात, म्हणजे पाचवारीत. ही आजी ‘मॉडर्न’ झाल्याची खूण मानायची का, हेही तुम्हाला हवंय. आणि जाता जाता एक वाक्य तुम्ही लिहून गेलात की लालबागच्या खोलीत गावची माणसं कायम जेवायला असायची, आजी म्हणजे अन्नपूर्णाच. माझ्या मते तुमच्या सगळ्या मजकुरात हे वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. त्याच्याकडे येतेच.

मी गिरणगावातल्या वयस्कर बायकांच्या आठवणी रेकॉर्ड करण्याचं काम बरीच वर्षं करते आहे. असा प्रश्न घेऊन येणारी माणसं बहुधा आजीचं कोडं सोडवू बघतात, पण उलगडायचं असतं ते वडिलांचं वाक्य. लालबाग-परळात त्या काळी बाईने गिरणीत जाणं जगावेगळं अजिबात नव्हतं. ‘आमच्या बायका कामाला जात नाहीत’ असं अभिमानाने म्हणता येणं, हे त्या वस्तीत नवीन होतं. ते कशामुळे म्हणता येऊ लागलं हे कळलं की आजीही समजेल आणि वडीलही.

मुंबईत कापडगिरण्या १८५० च्या दशकात सुरू झाल्या. शहर पुरुषांचंच होतं. १९२१ च्या जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे सहाशे बायकासुद्धा नव्हत्या. साताऱ्याचा किंवा रत्नागिरीचा गडी मुंबईत गाववाल्यांच्या खोलीत, बायको गावी शेतावर मनीऑर्डरची वाट बघत, असे हजारो संसार चालायचे. तरीही १९२० च्या दशकात गिरणी कामगारांमध्ये साधारण पाचातली एक बाई होती. रीळिंग (सुताच्या लडी करणं) आणि वाइंडिंग ही मुख्यतः बायकांची खाती. त्यांच्यावर नायकीण, म्हणजे बाई-मुकादम असायची. कामावर घेणं, रजा देणं, बदलीवर (गैरहजर कामगाराच्या जागी) उभं करणं सगळं तिच्या हातात, आणि त्यासाठी ती पैसेही खायची. या बायकांत विधवा पुष्कळ होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या, पण नवरा साचेखात्यात (मागावर) आणि बायको वाइंडिंगला अशी जोडपीही सर्रास होती, कारण एकाच्या मजुरीत भागत नव्हतं. तान्ह्या बाळाला अफूची बाळगोळी देऊन निजवायचं आणि भोंग्याला दारात हजर व्हायचं, याच्या नोंदी त्या काळच्या डॉक्टरांनी करून ठेवल्या आहेत. हे आयुष्य कष्टाचं होतं, पण त्याला कोणी बंड म्हटलं नाही. पोटासाठी करायचं काम होतं ते. बंड करायची वेळ आली तेव्हा याच बायकांनी तेही केलं. संपात त्या रस्त्यावर उतरल्या, आणि उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या बायका लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्ट युनियनच्या पुढारी झाल्या.

मग या बायका गिरणीतून गेल्या कशा? कोणीतरी एक दिवस हाकलून दिलं असं घडलं नाही. तीन-चार गोष्टी एकमेकींत गुंतत गेल्या, आणि त्यातल्या काही चांगल्या हेतूने आलेल्या होत्या.

बाळंतपणाच्या रजेचंच घ्या. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यासाठी विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात हाच विषय आला तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात देशातला असा पहिला कायदा झाला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने बाईच्या कामाची वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ अशी बांधली, आणि जिथे ५० पेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. हे हक्क न्याय्य होते आणि हवेच होते. घोळ त्यांच्या खर्चात होता. तो सगळा ज्याने बाईला कामावर ठेवलं त्या एकट्या मालकावर पडत होता. मालकाने सोपा हिशेब केला: बाई घ्यायचीच नाही, असलेली म्हातारी झाली की तिच्या जागी पुरुष भरायचा. गिरण्या तीन पाळ्यांत चालू लागल्यावर दुसरी पाळी आणि रातपाळी बाईला बंदच. पाळ्या फिरत्या ठेवायच्या असतील तर मुकादमाला ती अडचणीची वाटू लागली. त्यात नवी यंत्रं आली. हाताने चालणारं रीळिंग गेलं, वाइंडिंगला कमी हात लागू लागले. यंत्र आलं की ते पुरुषाच्या हाती द्यायचं ही रीत आपल्याकडे सगळ्याच धंद्यांत दिसते.

दुसरी बाजू युनियनची. लढून मिळवलेला महागाई भत्ता, बोनस, कायम नोकरी, यामुळे १९५० नंतर कायम कामगाराला एका पगारात संसार रेटता येऊ लागला. कुटुंब पोसेल एवढी मजुरी पुरुषाला मिळावी, ही मागणी रास्तच होती. पण त्या मागणीत बाई पोसली जाणारी ठरली. आणि मग ‘बायकोला कामाला लावत नाही’ ही नवऱ्याच्या कर्तबगारीची खूण झाली. चाळीत ज्याची बायको घरी, तो सुखवस्तू. मुलीचं लग्न ठरवताना ‘आई गिरणीत जाते’ हे सांगायला लोक कचरू लागले.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. नोकरी सुटणं म्हणजे आजीची हारच, असं धरून चालू नका. मी ज्या बायकांशी बोलले त्यातल्या अनेकींनी गिरणी सुटल्याचा दिवस सुटकेचा म्हणून सांगितला. पहाटे उठून पाण्याला नंबर लावायचा, भाकऱ्या थापायच्या, पाळी करायची, परत आल्यावर पुन्हा चूल. कापसाच्या तुसाने छाती भरायची. कोणी ‘आता घरी बस’ म्हटलं तर त्यात तिला मान वाटला असेल, आणि तो खोटा मान नव्हता. त्याच बायका पुढे हेही सांगायच्या की स्वतःच्या हातचा पगार गेल्यावर भावाच्या मुलाला आहेर करायचा तरी नवऱ्याकडे मागावं लागायचं. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या तोंडून, एकाच दुपारी ऐकल्या आहेत. लिहिताना त्यातली एक गाळू नका.

‘घरंदाज बाई’ची ही कल्पना वस्तीत वरून खाली आली. जिथे काडीमोड होत होता, पाट (बाईचं दुसरं लग्न) लागत होते, विधवा दुसरं घर करत होती, त्या अनेक जातींनी प्रतिष्ठा वाढवायची म्हणून हळूहळू हे सोडलं आणि वरच्या जातींचे नियम उचलले. हे मुंबईत फार आधीपासून चाललं होतं. १८८० च्या दशकातला रखमाबाईंचा खटला आठवा. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला आणि प्रकरण मुंबईच्या हायकोर्टात गाजलं. १८८७ च्या निकालात नांदायला जा नाहीतर तुरुंगात, असं फर्मावलं गेलं. शेवटी तडजोड झाली आणि रखमाबाई पुढे विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. त्यांच्या स्वतःच्या आईने विधवा झाल्यावर पुन्हा लग्न केलं होतं, त्यांच्या समाजात ते चालत होतं. मुलीच्या वेळेला मात्र अख्ख्या हिंदू धर्माची अब्रू पणाला लागल्यासारखी चर्चा झाली. जुने कागद चाळताना तुमच्याही घराण्यात एखादा पाट सापडेल कदाचित. सापडला तर दचकू नका.

आता याच काळात शहराच्या दुसऱ्या भागात काय चाललं होतं ते पाहा, कारण तुमच्या ‘काळाच्या पुढची’ या शब्दांचा उगम तिथे आहे. गिरगाव-दादरच्या पांढरपेशा घरांत बाईने कमावणं पूर्वी कमीपणाचं होतं. तिथे शिक्षण आधी आलं. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली पुण्यात काढलेलं महिला विद्यापीठ १९३६ मध्ये मुंबईला आलं. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये याच शहरात संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी लोकांचा राग झेलला. शिक्षिका, नर्स, टेलिफोन ऑपरेटर, महायुद्धात रेशनिंगच्या कचेऱ्या निघाल्यावर तिथल्या कारकून, अशा वाटेने पांढरपेशी बाई घराबाहेर पडली. तिलाही सुखाने जाऊ दिलं नव्हतं. लग्न झालं की बाईची नोकरी संपली, असा नियम मुंबईतल्या एका औषध कंपनीत होता. कामगार संघटना तो नियम घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, तेव्हा १९६५ साली तो रद्द झाला. विमानातल्या हवाई सुंदरीला पहिल्या गरोदरपणातच घरी पाठवण्याचा नियम तर १९८१ पर्यंत टिकला.

म्हणजे १९५०-६० च्या मुंबईत दोन प्रवाह एकमेकांना ओलांडून जात होते. दादरची बाई कचेरीत जाऊन ‘आधुनिक’ होत होती, आणि लालबागची बाई गिरणी सोडून ‘घरंदाज’ होत होती. दोघी एका ट्रामने गेल्या असतील. पहिलीच्या गोष्टी मासिकांत छापून आल्या, कारण लिहिणारी माणसं तिच्या घरातली होती. म्हणून आज आपल्याला वाटतं की मुंबईतल्या बाईने कमवायला सुरुवात केली ती ऑफिसात, आणि गिरणीचा पास हातात आला की आपण आजीला अपवाद समजतो.

फोटोंचंही असंच काहीसं आहे. गोल पातळ म्हणजे पुढारलेपण हे समीकरण शहरी, शिकलेल्या बायकांकडून आलं. यंत्रापाशी दिवसभर उभं राहून वाकून काम करायचं तर कासोट्याची नऊवारी सोयीची, आणि तुमच्या आजीने तीच नेसून पाळ्या केल्या असणार. गोल पातळ तिने कधी धरलं हे आत्याला नक्की विचारा. गिरणी सुटल्यानंतर असेल तर मजा अशी, की दिसायला ती ‘मॉडर्न’ झाली तेव्हा प्रत्यक्षात तिचं जग घराच्या चार भिंतींत आलं होतं. कारणं साधीही असू शकतात. नऊवारीला पैसे जास्त पडतात, किंवा शाळेत जाणारी मुलगी ‘आई, गोल नेस ना’ म्हणाली असेल. पण नेसणं कधीच नुसतं नेसणं नव्हतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला आंबेडकरांनी दलित बायकांना मुद्दाम सांगितलं की लुगडं असं नेसा की त्यावरून जात ओळखू येऊ नये, आणि अंगावरचे ते जातीची खूण पटवणारे जड दागिने उतरवा. आणि शहरातल्या प्रतिष्ठित बायका नेसायच्या, केसांत फुलं माळायच्या त्या लकबी बालगंधर्वांच्या भूमिका पाहून उचलत होत्या. बाईपणाचा नमुना रंगभूमीवर एक पुरुष घालून देत होता आणि घराघरांतून तो गिरवला जात होता. म्हणून फोटोतल्या साडीवरून आजीच्या मनाचा निष्कर्ष काढण्याआधी ती साडी कोणाला दाखवण्यासाठी नेसली होती ते बघा.

आता अन्नपूर्णेचं वाक्य. दहा बाय बाराच्या खोलीत गावची माणसं ‘कायम’ जेवायला होती, तर ती बहुतेक महिन्याचे पैसे देऊन जेवत होती. त्याला खाणावळ म्हणतात. कुटुंब गावी ठेवून आलेल्या गिरणी कामगारांची अर्धी मुंबई अशा बायकांच्या हातचं जेवून जगली. वेगवेगळ्या पाळ्यांची माणसं सांभाळायची, म्हणजे दोन-तीन वेळा चूल पेटवायची. वाण्याकडे उधारी, नड लागली तर सावकार, आणि पगाराच्या दिवशी हिशेब. संप झाला की जेवणाऱ्यांचे पैसे थकायचे, पण बाई ताट मागे घेत नव्हती. गिरणी कामगारांचे संप जे टिकले ते या चुलींवरही टिकले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं ते याच खाणावळवाल्यांसाठी. सावकाराच्या व्याजातून सोडवून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं, हे काम तिथून उभं राहिलं. बँकेला आधी पटवावं लागलं की ही बाई धंदा करते, नातेवाइकांना जेवू घालत नाही.

तुमच्या आजीचं तेच असेल, तर तिने काम सोडलंच नाही. गिरणीतलं काम थांबलं आणि घरातलं सुरू झालं. पण घरातल्या कामाला पास नसतो, हजेरीचं मस्टर नसतं, फंड नसतो. जनगणनेवाला आला की दारातला पुरुष सांगतो, ‘बायको घरीच असते’. तुमचे वडील लहान होते. त्यांनी आईला बाहेर जाताना पाहिलं नाही, पंगती वाढताना पाहिलं. ते खोटं बोलत नाहीत, त्यांना दिसलं ते सांगतात. तुमच्या ‘लपवलं का’ या प्रश्नाला माझं उत्तर म्हणूनच ‘बहुधा नाही’ असं आहे. आत्या मोठी असेल, तिला गिरणीचे दिवस आठवत असतील. भावंडांच्या आठवणी अशा वेगळ्या निघाल्या तर आधी वयातलं अंतर बघा, मग खरंखोटं.

अर्थात हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे. आजी गावाहून कधी आली, आजोबा कायम होते की बदली, जात कोणती, मुलं किती आणि केव्हा झाली, यावरून गोष्ट बदलेल. नुसत्या पासावरून ती कायम होती की दोन महिने बदलीवर होती हे ठरत नाही. ट्रंकेत अजून काही आहे का पाहा: फंडाची पावती, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाचं पुस्तक. खाणावळीचा पुरावा हवा तर उधारीची वही किंवा मोठी पातेली शोधा. चौघांच्या घरात वीस माणसांचं पातेलं असेल तर ते उगाच नाही. वडिलांची चिडचिड कधीकधी घराच्या प्रश्नावरूनही असते. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असलेल्यांचा विचार होतो. आजीने त्याआधीच गिरणी सोडली असेल, तर तिच्या पासावर हक्क सांगता येणार नाही. हे घरात स्पष्ट सांगून टाका. जुने कागद उकरले की भाऊबंदांना वाटण्यांचा वास येतो, तो गेला की माणसं मोकळी बोलतात.

वडिलांना ‘आजी कामाला होती ना?’ असं विचारू नका. त्या प्रश्नाला त्यांच्याकडे एकच उत्तर आहे आणि ते आजोबांच्या इभ्रतीशी बांधलेलं आहे. जेवायला कोण कोण यायचं, त्यांची नावं काय, कोण कुठल्या पाळीला, आजी किती वाजता उठायची, पगाराच्या दिवशी खोलीत काय व्हायचं, पैसे कोण मोजायचं आणि कुठे ठेवायचं, असं विचारा. नावं आणि वेळा आठवायला लागल्या की माणूस बचाव करायचा विसरतो. मी असल्या मुलाखतींत ‘काम’ हा शब्द पहिल्या तासात काढतच नाही. आत्याशी बोलताना मात्र सरळ विचारा: नायकीण कोण होती, पास कसा मिळाला, धाकटी मुलं कोणाकडे ठेवायची, आणि कामावरून कमी केलं की आजीने स्वतः सोडलं. शेवटच्या प्रश्नाला दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळी उत्तरं आली तर दोन्ही लिहून ठेवा.

लेखात ‘आमच्या घराण्यातली पहिली नोकरदार स्त्री’ असं लिहायचा मोह होईल. ते टाळा. आजीच्या आईने गावी दुसऱ्याच्या शेतावर मजुरी केली होती का, हे तुम्ही अजून विचारलेलं नाही. आत्याचं वय पाहता हे बोलणं या महिन्यातच उरकून घ्या, आणि फोनवर रेकॉर्ड करण्याआधी तिची परवानगी घ्या. तिने ‘हे छापू नको’ म्हटलेला भाग ऐकून ठेवा, पण लेखाबाहेर ठेवा.